टेकडीच्या मातीत मीठ

बोरिवली,
२१ ऑक्टोबर २०२४

चि. सुगंधास,
गुणाजीदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, आपल्या गावच्या टेकडीवरच्या जमिनीचा माती तपासणीचा अहवाल आला. सोबत जोडला आहे. क्षार भरमसाट निघाले. जमीन खारी असून बहुतेक पिकांना अयोग्य, असं खाली स्पष्ट लिहिलंय. मी चौतीस वर्षं पालिकेच्या उद्यान खात्यात माती चिवडली, पण यावर मलाही काही बोलता येत नाही.

तुझं मन मोडणार हे कळतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तू गावी जाऊन राहायचं, नाचणी-कुळीथ पेरायचे, असं घोकते आहेस. पण आपलं ठरलं होतं. माती बरी निघाली तर जमीन तुझ्या ताब्यात, वाईट निघाली तर विकायच्या कागदावर दोघांच्या सह्या. गावचा जयवंत १५ नोव्हेंबरला, पौर्णिमेला, कागद घेऊन येतोय.

फोनवर मला काही ऐकू येत नाही, म्हणून हे लिहिणं. नितेश आणि सूनबाई बरी आहेत. तुझा खोकला कसा आहे ते कळव. माझ्यावर रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
गुणाजीदादा


भांडुप,
२५ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. दादास,
सुगंधाचा सा. न. वि. वि.

खोकला बरा आहे. डोकं मात्र भणभणलंय.

अहवालावर तारीख आहे १८ ऑक्टोबर, शुक्रवार. वीस तारखेला, रविवारी, मी नेहमीसारखी तुझ्याकडे आले. आंबोळ्या केल्या, तुझ्या डाव्या कानाशी ओरडून घसा बसवून घेतला. तेव्हा अहवाल कुठे होता? शेजारी बसलेल्या बहिणीला तोंडाने सांगवलं नाही, आणि सोमवारी लगेच पत्र पेटीत? शाळेच्या कचेरीत मी तीस वर्षं मुलांच्या आजारपणाच्या चिठ्ठ्या वाचल्या आहेत, दादा. खोटी चिठ्ठी मला वासावरून कळते.

आता मातीचं. काळी माती पाणी धरून ठेवते आणि आपली तांबडी चाळणीसारखी सोडून देते, हे मला कोणी शिकवलं? तूच. चार महिने कोकणातला पाऊस जिला धुऊन काढतो त्या टेकडीवर मीठ राहील कुठे? भरतीचं पाणी शिरतं त्या खालच्या खाजणात मीठ निघालं असतं तर मी गप्प बसले असते. टेकडीवर समुद्र कधी चढला?

म्हणून सरळ विचारते. नवरात्रात तू खरंच गावी गेला होतास की गोराईच्या खाडीपर्यंत जाऊन पिशवी भरून आणलीस? बोरिवलीहून ती जवळच आहे. एसटीचं तिकीट असेल तर दाखव.

सही मी करणार नाही. रविवारी येणार नाही आणि भाऊबीजेला तूही येऊ नकोस. लोभ आहे, पण सध्या कुलपात ठेवला आहे.

सुगंधा


बोरिवली,
३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

चि. सुगंधास,
अनेक आशीर्वाद, तुला हवे असोत वा नसोत.

आज सकाळी अंघोळ करून, नवा सदरा घालून बसलो आणि मग आठवलं की मला कुठेच जायचं नाही. नितेशबरोबर ओवाळणी पाठवतोय. साडी सूनबाईने निवडली आहे. तिच्याखाली एसटीची जाण्या-येण्याची तिकिटं आहेत, ती नीट बघ. आणि पिशवीत उरलेली अर्धी माती आहे, तीही बघ.

बहात्तराव्या वर्षी बहिणीने मला चोर ठरवलं, त्याचं मला फार लागलं. त्या जमिनीत मी नागमोडी चालत आठ ठिकाणी खड्डे घेतले. बांधाजवळ नाही, काजूच्या सावलीत नाही, शेण साठवायचो त्या जुन्या शेणकईच्या जागी तर नाहीच. वीतभर खोल खणून कडेची माती खरवडली. सगळी एकत्र करून चार वाटे केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेले पुन्हा मिसळले. रीतीत कुठे चुकलो ते सांग.

आणि शाळेत कचेरी सांभाळलीस, तर अहवाल शेवटपर्यंत का वाचला नाहीस? सामू साडेपाच आहे. म्हणजे माती आंबट. खाडीची असती तर आठाच्या आसपास गेला असता. पावसाने चुना धुऊन नेलेली, लोखंडाने तांबडी झालेली माती ती. आपलीच आहे.

जयवंत पौर्णिमेला येतोय. कुलूप तुझं, किल्लीही तुझ्याकडेच. मी काय बोलणार.

गुणाजी


भांडुप,
६ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी माफी मागते, दोन्ही कान धरून. तिकिटं बघितली. माती परातीत ओतून बघितली. तीच आहे. बोटाला लागलेला तांबडा रंग दोनदा हात धुतले तरी नखात राहिला, आणि मला आईच्या पायाच्या भेगा आठवल्या. मी पाट मांडला नाही त्या दिवशी, त्याची लाज वाटते. साडीचा रंग झकास आहे, सूनबाईला सांग.

पण ऐक. परात मी खिडकीत ठेवली होती आणि रिकामी पिशवी दाराशी. शेजारच्या वनमालाची मांजर आली. मातीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. पिशवीवर मात्र तुटून पडली, चाटते काय, लोळते काय. हाकललं तरी हटेना. वनमाला हसून म्हणाली की सुगंधाताई, पिशवीत म्हावरं होतं की काय.

तेव्हा मी पिशवी उलटी केली. हिरव्या फुलांची, माझ्या जुन्या पडद्याची, मीच शिवलेली. जूनमध्ये पावसाळ्याची बेगमी म्हणून याच पिशवीतून मी तुला खारे बांगडे दिले होते. शिवणीत अजून मिठाचे खडे अडकलेत. ओली माती त्यात भरली, दोन दिवस बांधून ठेवली, मग दुसरं काय होणार? टेकडीवर समुद्र चढवला तो माझ्या बांगड्यांनी!

मी हसत सुटले, दादा. मग हसता हसता थांबले. खताच्या, मिठाच्या वापरलेल्या पिशवीत नमुना कधी भरायचा नाही, कोरी पिशवी घ्यायची, हे तू उद्यान खात्यात नव्या माळ्यांना शिकवायचास. आठ खड्डे, चार वाटे, सगळं रीतीने केलंस. आणि पिशवीच तेवढी विसरलास? बांगड्याचा वास मांजरीला आला, तुला आला नाही? तुझे कान गेलेत, नाक नाही.

हा संशय शेवटचा. तू म्हणालास की विसरलो, तर मी मानीन आणि पुन्हा कधी विचारणार नाही. पण लिहून कळव. उत्तराची वाट बघते आणि लोभाचं कुलूप उघडून ठेवते.

तुझी,
सुगंधा


बोरिवली,
१० नोव्हेंबर २०२४

चि. सुगंधाबाय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

विसरलो नव्हतो.

कोरी पिशवी न्यायला विसरलो, ते खरं. घरातून निघताना हाताला लागली ती हिरवी पिशवी घेतली. पण परतीच्या गाडीत वास आला. शेजारचा प्रवासी उठून मागे जाऊन बसला. घरी येऊन पिशवी बदलता आली असती, मिठाची माती टाकून पुन्हा गावी जाता आलं असतं. मी गेलो नाही. तशीच नेऊन दिली आणि स्वतःला सांगितलं की जे निघेल ते निघेल. काय निघेल हे मला ठाऊक होतं. म्हणून त्या रविवारी तुझ्या तोंडाकडे बघून सांगता आलं नाही. म्हणजे तू माणूस बरोबर ओळखलास, माती तेवढी चुकलीस.

मला जमीन विकायची हौस नाही. जयवंतला येऊ नकोस म्हणून नितेशकडून कालच कळवलंय. त्या मातीत नाचणी येईल, कुळीथ येईल, काजू तर येईलच. थोडा चुना आणि भरपूर शेणखत घाल, पावसाआधी.

मग असं का केलंस, म्हणशील. हे लिहायला तीन दिवस लागले. नितेश बोलतो, सूनबाई बोलते, त्यांचे ओठ हलताना दिसतात. मी हसून मान डोलावतो. तुझा तेवढा आवाज या डाव्या कानाला अजून ऐकू येतो. आठवड्यातून एकदा, रविवारी, मला माणसाचा आवाज ऐकू येतो. तू गावी गेलीस तर तोही बंद. मला त्याची भीती वाटली, बाय. म्हातारा घाबरला आणि लबाडी करून बसला.

आता जमीन तुझी. नवा नमुना तूच काढ. मी बांधावर बसून खड्ड्यांच्या जागा दाखवीन. पिशवी मात्र कोरी आण, आणि निघण्यापूर्वी वनमालाच्या मांजरीला हुंगायला दे. माझ्यावर इतक्यात विश्वास ठेवू नकोस.

एवढं पत्र मिळालं की रविवारी ये. आंबोळ्या नकोत, काही नको. नुसती ये आणि डाव्या कानाशी बसून मला काय शिव्या द्यायच्या त्या दे.

तुझाच,
दादा