तिसऱ्यांदा विचारतील तेव्हा

४ सप्टेंबर, संध्याकाळी सात
(जेवण झालंसुद्धा. इथे लोक उजेडात जेवतात.)

आज आमच्या गोऱ्या जावयाने अखेर तो प्रश्न विचारला. विचारणार हे मला ठाऊकच होतं. लेकीचे दिवस भरतायत ऑक्टोबरच्या मध्यावर आणि आमची परतीची तिकिटं अठ्ठावीस सप्टेंबरची. सूप पिता पिता म्हणाला, बाळ येईपर्यंत तुम्ही दोघं थांबाल का? आम्हाला फार आवडेल. तिकिटं बदलता येतात.

तोंडातला घास गिळायच्या आत ही म्हणाली, हो, थांबते की! बायकोला चाळीस वर्षांत काही पोच आली नाही.

मी रीतीप्रमाणे म्हणालो, नको नको, तुम्हाला कशाला त्रास? शिवाय तिकडे सोसायटीच्या टाकीचं काम निघालंय, सेक्रेटरी म्हणून मला गेलंच पाहिजे. (टाकी मार्चमध्येच झाली. पण नुसतं नको म्हणणं बरं दिसत नाही.)

जावई म्हणाला, तुमच्या निर्णयाचा मी रिस्पेक्ट करतो. आणि पाव तोडून सूपमध्ये बुडवला.

हरकत नाही. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा आढेवेढे घ्यायचे आणि तिसऱ्यांदा 'आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर' म्हणायचं, हे काय शिकवायला लागतं? खात्यातल्या माझ्या निरोपसमारंभात मी दोनदा भाषणाला नाही म्हणालो होतो. तिसऱ्या आग्रहाला उठलो तो पाऊण तास बसलो नाही.

उद्या पुन्हा विचारेल.

५ सप्टेंबर

विचारलं नाही. ऑफिसात काम असेल.

६ सप्टेंबर

आज शनिवार, सुट्टी. दिवसभर घरात होता. सायकल पुसली, खिडक्या पुसल्या, माझा चष्मासुद्धा पुसून दिला. विचारलं नाही.

हिचं तिकीट मात्र बदलून आलं. लेक आणि ही दुकानात जाऊन लोकर घेऊन आल्या. रंग कसा वाटतो म्हणून मला विचारलं. मी म्हणालो, मी काय, मी तर चाललो. हे मी अशा सुरात म्हणालो की दगडालाही पाझर फुटावा. लेक म्हणाली, मग आम्हीच पिवळा ठरवला ते बरं झालं.

८ सप्टेंबर, सकाळ

रात्री विचार केला. चूक माझीच. टाकीचं कारण फार भक्कम निघालं. ते जरा सैल करायला हवं.

नाश्त्याला मुद्दाम मोठ्याने म्हणालो की टाकीचं काम आता खजिनदार बघतोय, माणूस हुशार आहे, माझ्यावाचून काही अडणार नाही. आता यात न कळण्यासारखं काय आहे? जावयाने चमचा खाली ठेवला आणि माझं अभिनंदन केलं. म्हणाला, वा, म्हणजे तुम्ही अगदी निश्चिंत मनाने घरी जाऊ शकाल.

माणूस वाईट नाही. पण ह्यांच्याकडे नको म्हणजे नको आणि हो म्हणजे हो. बोलण्याला आत-बाहेर काही नाहीच.

९ सप्टेंबर

नवा प्लॅन. आता सूचना वगैरे बंद. या घरात मी इतका उपयोगी पडणार की ह्यांचं माझ्यावाचून पान हलणार नाही. हात जोडून म्हणतील, बाबा, जाऊ नका.

सुरुवात बाथरूमपासून. दोन महिने बघतोय, फरशीला पाणी म्हणून लागत नाही. आठवड्यातून एकदा जावई ओलसर फडकं फिरवतो आणि त्याला स्वच्छता म्हणतो! मी छत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली आहेत. पाण्याचं मला कोणी सांगू नये. उद्या दोघं नोकरीवर गेली की घासून लख्ख करतो.

१० सप्टेंबर, दुपारी बारा

आठ बादल्या ओतल्या, साबण टाकला, ब्रशने कोपरा न् कोपरा घासला. फरशीत तोंड बघून घ्यावं अशी झाली. ही दारातून म्हणाली, अहो, पाणी जाणार कुठून? मी म्हणालो, मोरीतून, अजून कुठून? ती म्हणाली, मोरी कुठे आहे ते दाखवा.

शोधतो आहे.

१० सप्टेंबर, संध्याकाळ

मोरी नाही. अख्ख्या बाथरूमला मोरी नाही! नळ आहे, टब आहे, आरसा आहे, टॉवेल गरम करायला वेगळं यंत्र आहे, पण सांडलेलं पाणी जायला साधं भोक नाही. असा प्लॅन आमच्या खात्यात कोणी आणला असता तर मी त्याच्याच पाठीवर लाल शेरा मारला असता.

पाणी मात्र गेलं. कुठे गेलं ते तीन वाजता कळलं. खालच्या मजल्यावर एका दंतवैद्य बाईंचा दवाखाना आहे. त्यांची खुर्ची नेमकी आमच्या बाथरूमखाली येते. पेशंट आ करून बसलेला, आणि वरून थेंब थेंब. बाई आधी पेशंटला म्हणाल्या, थुंका. नंतर वर बघितलं.

लेक ऑफिसातून धावत आली. पोट सांभाळत जिना चढली. रागावली नाही. नुसती भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, इथे फरशीवर पाणी ओतत नाहीत हो. मला लाज वाटली. पण फरशी स्वच्छ झाली होती हे कोणाच्याही लक्षात आलं नाही, हेही नोंदवून ठेवतो.

१२ सप्टेंबर

माफी मागायला खाली गेलो. लेक म्हणाली होती, आधी फोन करा. शेजारी जायला फोन? एकाच जिन्यावर राहतो आपण. फुलं घेतली आणि बेल वाजवली.

स्वागताला बसलेल्या मुलीने काहीतरी विचारलं. मी इथली भाषा कळते असा चेहरा करून मान हलवली. तिने मला आत नेऊन खुर्चीत बसवलं. खुर्ची आपोआप आडवी झाली. फुलं छातीवर. वर बघतो तर छताला माझाच डाग, चांगला परातीएवढा.

बाई आल्या. त्यांना थोडं इंग्रजी येतं. मी म्हणालो, सॉरी. त्या म्हणाल्या, आ करा. मी म्हणालो, नको नको. त्या म्हणाल्या, करा हो. मी पुन्हा नको म्हणालो. त्या म्हणाल्या, आता आलाच आहात तर बघू तरी. अख्ख्या देशात तीनदा आग्रह करणारी ही एकच बाई भेटली, आणि तिचं मन मोडता येईना. उजवीकडची मागची दाढ आतून किडली होती म्हणे.

दाढ गेली. फुलं त्यांना आवडली.

१४ सप्टेंबर

गाल सुजून टम्म. बोलता येत नाही. पण यात एक फायदा दिसतोय. अशा माणसाला विमानात कोण बसवेल? आजारी वडिलांना एकटं कसं पाठवायचं, हा विचार कोणाच्याही मनात येणार. मी दिवसभर कोचावर शाल पांघरून पडून राहिलो. मधून मधून कण्हलो. उगीच नाही, दुखतही होतं.

संध्याकाळी जावई शेजारी येऊन बसला, हातावर हात ठेवला. आता विचारतो, म्हणून मी डोळे मिटले. म्हणाला, काळजी करू नका, मी एअरलाइनला फोन करून विचारलं. दाढ काढल्यावर दोन आठवड्यांनी प्रवासाला काहीच अडचण नाही. शिवाय तुम्हाला कडेची सीट घेऊन दिली आहे.

थँक यू म्हणालो. तोंडातून थंड यू आलं.

१७ सप्टेंबर

पाळणा आला. म्हणजे फळ्या, स्क्रू आणि कागदावर बाणांची चित्रं. मी आणि जावयाने मिळून जोडला. तो फळी धरायचा, मी स्क्रू पिळायचो. दुपार कशी गेली कळलं नाही. शेवटी दोघांनी हलवून बघितला. जरासुद्धा कुरकुरला नाही. जावयाने माझ्या पाठीवर थाप मारली.

नंतर खोलीत कोणी नव्हतं. मी पाळण्यात हात घालून बघितला. गादी इवलीशी. इथे कोणाला खोटं सांगायचंय? मला थांबायचं आहे. ते पोर आल्या आल्या मला बघायचं आहे, हातात घ्यायचं आहे. बस्स.

१८ सप्टेंबर

ही म्हणते, मग सांगा ना सरळ. तोंड आहे ना? (आहे. एक दाढ कमी.)

मी म्हणालो, सांगणं म्हणजे मागणं. आणि मागून राहणं म्हणजे लेकीच्या घरी पडून राहणं. त्यांनी म्हणायला पाहिजे. ही म्हणाली, म्हणाले की ते. मी म्हणालो, एकदाच. ती म्हणाली, मग मीच सांगते लेकीला. मी तिला शपथ घातली. ती म्हणाली, घाला, आणि विणायला बसली. पायमोजा माझ्या अंगठ्याएवढा आहे.

२१ सप्टेंबर

ठरवलं. आज लेकीशी बोलायचंच. वाक्य पाठ केलं: बाळ होईपर्यंत मी थांबू का? सोपं आहे. तीन वेळा आरशात म्हणून बघितलं.

लेक कोचावर पाय वर करून बसली होती. मी शेजारी बसलो. आता एकदम कसं म्हणणार? आधी हवेचं बोललो. मग तिच्या जन्माच्या वेळी मी कसा कामावर होतो आणि तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती अकरा दिवसांची होती, ते सांगितलं. मग ओघात घराचा विषय निघाला, घरावरून सोसायटी, सोसायटीवरून टाकी. टाकीतून काही केल्या बाहेर पडता येईना.

लेकीचे डोळे भरून आले. म्हणाली, बाबा, कळतं मला. तुम्हाला इथे करमत नाही. सारखं घराकडे लक्ष लागलंय. मी तुम्हाला अडकवणार नाही, आनंदाने जा.

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. पण मग टाकीचं खोटं होतं हे सांगावं लागलं असतं. आणि बापाने खोटं बोलणं बरं नाही. म्हणून मी गप्प बसलो.

एकूण चर्चा चांगली झाली. तिला माझ्या जाण्याचं वाईट वाटतंय, हे तर आता उघड झालं. दोन दिवसांत विचारतीलच.

२५ सप्टेंबर

बॅग भरायला घेतली. मुद्दाम हॉलच्या मध्यभागी. एक शर्ट ठेवायचा, उसासा टाकायचा, तो काढायचा, दुसरा ठेवायचा. जावई थोडा वेळ बघत राहिला. मग खाली बसून त्याने शर्टांच्या अशा काही गुंडाळ्या केल्या की दहा मिनिटांत बॅग भरून वर जागा उरली. म्हणाला, आमच्याकडे असंच भरतात.

दंतवैद्य बाई वर येऊन गेल्या. आधी फोन करून. हिच्याशी त्यांची गट्टी जमली आहे. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही आणि तासभर हसत होत्या. जाताना मला हात हलवून टाटा केलं. साऱ्या बिल्डिंगला मी चाललोय ते माहीत आहे.

२८ सप्टेंबर, विमानतळ

लिहितो, कारण हे लिहून ठेवण्यासारखं आहे. विचारलं! दुसऱ्यांदा विचारलं!

आत जायच्या दारापाशी होतो. हिने जावयाला कोपराने ढोसलं, मी डोळ्यांनी बघितलं. तो घसा खाकरून म्हणाला, तुम्हाला नक्की जायचंय ना? अजूनही तिकीट बदलता येईल. लेक माझ्याकडे बघत होती. ही तर डोळे मोठे करून मान वरखाली हलवत होती.

आणि मी म्हणालो, छे छे, नको, कशाला उगीच!

आता दुसऱ्यांदा कोण लगेच हो म्हणतं? बघणाऱ्याला वाटेल, माणूस टपूनच बसला होता. म्हणून मी जरा पाऊल अडखळवलं, बॅग खाली ठेवली, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. तिसऱ्यांदा म्हणायला भरपूर वेळ दिला. जावयाने मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाला, मी रिस्पेक्ट करतो. हिने कपाळावर हात मारून घेतला.

रांगेतून चार वेळा मागे वळून बघितलं. मागचा माणूस ढकलत होता. तिसऱ्यांदा विचारायला जावई नक्की धावत आला असणार. पण तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत ना. नियम म्हणजे नियम ह्यांचे.

३ ऑक्टोबर, घर

टाकी उत्तम आहे. सोसायटीत कोणाला मी आलोय हे तीन दिवस कळलं नव्हतं.

१६ ऑक्टोबर, सकाळ

मुलगी झाली. दोघी सुखरूप. हिने फोन केला, व्हिडिओचा. हिचा चेहरा थकलेला, पण कानापर्यंत हसू. मागे कुठेतरी लेकीचा आवाज आला, बाबांना विचार, बघायची का?

मी हो म्हणालो. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत. आणखी दोनदा म्हणालो, हो, हो. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं, इतक्या जोरात.

ही म्हणाली, अहो, आत्ता झोपली आहे ती. नर्स उठवू देत नाही. नंतर करू का फोन?

मी म्हणालो, नको. मी थांबतो.

तिने फोन तसाच चालू टेबलावर टेकवून ठेवला आणि ती आत गेली. तासभर झाला. मला पलंगाचा पाय दिसतोय आणि थोडा पडदा. बसलो आहे.