चंची लिंबाखाली मिळेल

निकिताचे आबा,

चहा थर्मासात हाय. थर्मास खाटेजवळ न्हाई, बाहेर ओट्यावर ठेवलाय. तिथवर तुमालाच जावं लागेल.

काल डॉक्टरसमोर मी म्हणाले, हे खाटेवरून हलतच न्हाईत. ते तुमाला लागलं. चार माणसांत तसं बोलायला नको होतं. पण न्हाणीत पडलात त्याला पाच महिने झाले, हाड कवाच जुळलंय. बसून राहिलं की पाय वाळतात, रोज थोडं चाललं की ताकद परत येते, हे डॉक्टरच म्हणाले. मी रोज मारुतीला चालत जायलेय तवापासून माझे गुडघे कुरकुरत न्हाईत, झोपबी लय चांगली लागते.

रेल्वेत तीस वर्षं तुमी रुळावर गस्त घातली. पल्याडचा गस्तवाला अर्ध्या वाटेत भेटायचा, दोघं वह्या बदलायचे, म्हणजे दोघंबी चालले हे साहेबाला कळायचं. आपुनबी तसंच करू. मी मारुतीकडून येते, तुमी घराकडून या. तुमची पानाची चंची मी नेलीय. वही म्हणून ही चिठ्ठी आणा आन चंची घ्या.

काठी दाराशी हाय. शेजारचे दिनकरराव मागं राहतील, पण हात धरणार न्हाईत, तसं सांगून ठेवलंय.

मधल्या लिंबाखाली थांबते. वही बदलल्याबिगर तुमी कधी घरी परतला न्हाईत. आज मीबी परतणार न्हाई.

विजयमाला