विसणाचे वाक्य

प्रति,
मेहेरबान चिटणीस साहेब,
बालशिक्षण प्रसार समिती, रत्नागिरी.

विषय : ‘पाणीबाईला ताप’ या संमत नाटकात आठ शब्द घालण्यास व एक शिंक काढण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : समितीचे दि. २२ ऑक्टोबरचे नकाराचे पत्र.

महोदय,

अर्जदार भिकाजी रावजी तोडणकर, राहणार मिरकरवाडा, हा बिगरी व पहिलीच्या मुलांसाठी नाटके लिहितो आणि मचव्याने, बैलगाडीने हिंडून गावोगावच्या शाळांत करून दाखवतो, हे समितीस ठाऊक आहेच. सदर नाटकात पत्नी मथुरा पाणीबाई, मुलगी मालन आजारी पोर आणि अर्जदार बेडूक. पाणी उकळून प्यावे, एवढाच बोध.

१. समितीने नाटकाला वीस मिनिटे दिली. नाटक किंचित लांबत होते. तेव्हा “आधण झाकून निवू द्या, त्यात विसण घालू नका” हे मालनचे वाक्य अर्जदाराने स्वतःच्या हाताने खोडले आणि बेडकाची शिंक ठेवली. समितीने खोडले असते, तर हा अर्ज लिहिणे पुष्कळ सोपे गेले असते.

२. गेल्या मार्चात बुरोंडीस प्रयोग झाला. आनंदीबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई पहिल्या रांगेत, पोरांच्याही पुढे बसल्या होत्या. प्रयोग संपताच त्या तांब्या घेऊन आल्या. “बाये, तू सांगितलंस तसं खळखळ उकाळलंय हो. जीभ पोळंल म्हणून विहिरीचं गार विसण घातलंय. पी आता.” मालनला नाटकातले तेवढेच पाठ. तिने बापाकडे पाहिले. अर्जदार तोंडावरचा हिरवा रंग धूत होता. त्याने ऐकले होते. कोणी पुढे केलेले पाणी नाकारू नये म्हणून त्याने मान हलवली.

तिसऱ्या दिवशी मालन पटकीने गेली. वय वर्षे आठ. आनंदीबाईंचा यात काडीचा दोष नाही. नाटकाने सांगितले तेवढे त्यांनी तंतोतंत केले.

३. समिती लिहिते की, संमत मजकुरात फेरफार पुढील वर्षीच्या बैठकीखेरीज होत नाही. शिवाय सदर वाक्य ‘घरगुती’ आहे व शिंक काढल्यास नाटक रुक्ष होईल. नियम मान्य. परंतु मचवे सुरू झाले. येत्या २६ तारखेस नाटे येथे पहिला प्रयोग आहे, पुढे आणखी तीस शाळा, आणि गावागणिक एक तरी आनंदीबाई असतेच.

४. शिंक मुलांच्या करमणुकीसाठी आहे, असे अर्जदाराने पूर्वी कळवले होते. ते खरे नाही. त्या वेळी मालनने निपचित पडून राहायचे असे. पण बेडूक शिंकला की ती हसायचीच. त्रेसष्ट प्रयोग, त्रेसष्ट वेळा. रागावून पाहिले, उपयोग नाही. त्या हसण्यासाठी शिंक राहिली आणि वाक्य गेले.

५. सबब वाक्य घालू द्यावे. शिंक काढल्याने वेळ तेवढाच भरतो. घड्याळ लावून पाहिले आहे. तालमीत मथुरा आता रिकाम्या अंथरुणाशी बोलते आणि मालनची वाक्ये बेडूक म्हणतो. हेही तोच म्हणेल. त्याला ते पाठ करावे लागणार नाही.

२६ तारखेच्या आत होकार येईल या आशेवर,

आपला नम्र,
भिकाजी रावजी तोडणकर
मिरकरवाडा, दि. ९ नोव्हेंबर १९३४

सोबत : मूळ वहीचे पान सातवे. खोडलेले वाक्य उजेडाकडे धरल्यास वाचता येते.