अर्धी पंगत

नांदेड, गुरुवार, संध्याकाळ

लातूरच्या क्लासवाल्या सरांचं काम आज पुरं करून दिलं, आणि तेव्हापासून तोंड कडू झालंय. काम साधंच होतं. प्रवेशाला नाव दिलेल्या मुलांची मार्कांप्रमाणे लावलेली एक लांबलचक यादी, तिचे चाळीस-चाळीसचे गट पाडायचे. हे करणाऱ्या फंक्शनचं, म्हणजे कोडच्या तुकड्याचं, नाव मी पहिल्यापासून ‘पंगत’ ठेवलंय. कोडिंग कुठे कॉलेजात शिकलो मी? गावजेवणात वाढपी होतो, तेच डोळ्यांपुढे आणून शिकलो. शेवटची पंगत अर्धी भरली तरी पत्रावळ्या मांडायच्याच.

इथे शेवटच्या पंगतीला पाच मुलं उरली. त्यात एक पोरगी कंधारची, माझ्याच तालुक्यातली.

शेवटची पंगत अर्धीच राहतेय असं कळवलं, तर सर फोनवर म्हणाले, "मालक, अर्धी पंगत कशाला बसवून राहिले? भरलेले गट तेवढे दाखवा."

"अन् ही पाच पोरं?"

"बॅच फुल झाली म्हणून सांगू."

मी हसत म्हणालो, "मांडवात आलेल्याला उपाशी धाडत न्हाईत, सर." तेही हसले. पण फोन बंद करायचं विसरले, आणि माझे कान तिखट. शेजारच्या कुणाला तरी म्हणाले, "ती शेवटची पाच म्हणजे गाळ हाय. कोण शिकवत बसतंय?"

गाळ!

आणि मी काय केलं? अर्धा गट टाकून देणारी एक ओळ कोडमध्ये वाढवली. पाचही नावं गळाली, कंधारचीसुद्धा. मी नसती लिहिली तर दुसऱ्याने लिहिली असती, असं मनाला समजावून पाहिलं. पटेना.

पाठवण्याआधी फंक्शनचं नाव तेवढं बदललं. त्याला पंगत म्हणवेना.