ड्रेसिंगच्या वेळची टिकटिक

चिंचवड, १४ मार्च १९७९

ती. सुमनताईस,

दाजींची दोन बोटं माझ्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसमध्ये गेली, हे तुला कळलंच. त्यावर त्यांना तीन ड्रेसिंगच्या कळा फुकट सोसाव्या लागल्या, तो हिशेब फक्त मला ठाऊक आहे.

इस्पितळात त्यांना औषधानं झोपवून ठेवलं होतं. छातीला वायरी लावलेलं हृदयाचं मशीन टिकटिक करायचं. चौथ्या दिवशी जखमेची पट्टी सुटताच टिकटिक पळू लागली.

"डॉक्टरीणबाई, यांना दुखतंय."

"शेठ, पेशंट गाढ झोपेत आहे."

"मग हे पळतंय कुणाचं? जरा पट्टी थांबवा अन् ऐका."

बाईंनी ऐकलं. वेदना मारणारं इंजेक्शन दिलं, टिकटिक संथ झाली, मगच पट्टी पुन्हा हाती घेतली. "कान आहेत की काय हो!" म्हणाल्या. तेव्हापासून मी चिंचवडभर सांगत सुटलोय, मशीन असो वा माणूस, या कानांतून काही निसटत नाही.

तुला मात्र हे पत्र टाकायचा धीर होत नाही. पहिल्या ड्रेसिंगपासून ती टिकटिक तशीच पळत होती. मशीन बिघडलंय असं समजून मी तीन दिवस त्याच्या वायरी घट्ट करत होतो.

तुझा धाकटा,
सदाशिव