उतरत्या खांद्याचा प्रश्न

रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत. आईंचा गुडघा आता बरा आहे, जिना चढताना तेवढ्या कुरकुरतात. मागच्या खोलीतली ओल अखेर गेली. तुझ्या दुकानात दुसरं शिलाई मशीन आल्याचं आईंकडून कळलं, छान वाटलं. फोनवरच बोलणार होते, पण तू फोन घेतलास की दोन मिनिटांत गिऱ्हाईक येतं. म्हणून कागद.

माझं काम नेहमीचंच. सध्या एका मोठ्या इस्पितळाच्या वाट दाखवणाऱ्या पाट्या करतेय. शिवाय एक बिनपगारी काम गळ्यात पडलंय, त्याबद्दलच लिहायचंय.

तुझा दादा रोज संध्याकाळी ज्यात डोकं घालून बसतो तो कपडे बेतायचा प्रोग्राम तुला ठाऊकच आहे. ओपन सोर्स, म्हणजे कुणा एकाच्या मालकीचा नाही. कोणीही फुकट वापरावा, उघडून बघावा, सुधारावा. त्या सगळ्या मंडळींची वेबसाइट आता नव्याने मांडायची ठरली आहे, आणि आराखडा करायला दादानेच माझं नाव सुचवलं. "तू इस्पितळात माणसांना वाट दाखवतेस, इथेही दाखव," म्हणाला. मी हो म्हटलं.

पहिली बैठक रंगातच गेली. एकाने निळ्याच्या इतक्या छटा आणल्या की मी त्याचं नाव रंगवाला ठेवलं. मी म्हटलं, रंग नंतर. पाटी लावायच्या आधी मी बाकावर बसून बघते, माणसं कुठे थबकतात, कुठून मागे फिरतात. इथेही तेच करणार.

म्हणून प्रश्न विचारायच्या पानावर जाऊन बसले. नवे लोक पहिला प्रश्न काय विचारतात आणि नंतर पुन्हा येतात का, एवढंच बघायचं होतं. बरेच जण पुन्हा आलेच नव्हते. वाट सापडली नाही म्हणून नव्हे. मिळालेल्या उत्तरामुळे.

त्यात एक प्रश्न होता. गिऱ्हाईकाचा डावा खांदा उतरता आहे, तर दोन बाजूंना वेगळी मापं कशी द्यायची? साधा, नीट लिहिलेला. खाली उत्तर होतं, "आधी नीट वाचा, मग विचारा. हा शिवणक्लास नाही." त्याखाली काही जणांचे हसरे चेहरे. विचारणारीने पुन्हा काही लिहिलं नाही.

इस्पितळातही असंच होतं. परवा एक बाई एक्स-रेची खोली विचारत तीन खिडक्यांवर फिरल्या, आणि शेवटी कुणालाच न विचारता बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. त्यांना मी...

नाही, मी विषय टाळतेय. लिहितेच.

विचारणारीच्या नावाच्या जागी तुझ्या दुकानाचं नाव होतं. उत्तर दादाचं होतं, त्याच्या तिथल्या टोपणनावाने. पण तुला टोपणनाव कळायची गरजच नव्हती. लहानपणी गणित घेऊन गेलीस की तो हेच म्हणायचा, आधी नीट वाच, मग विचार, हे तूच मला माझ्या लग्नानंतर हसत सांगितलं होतंस. मी उत्तराची तारीख बघितली. तू आमच्याकडे येणं थांबवलंस ते तेव्हापासूनच. दुकान, गर्दी, तब्येत, तुझी सगळी कारणं आम्ही खरी धरून चाललो होतो.

घरात बोलले असते तर ते घरातच मिटलं असतं. मला ते तसं मिटवायचं नव्हतं.

गेल्या शनिवारी बैठक झाली. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, दादा मागच्या खोलीत, बाकीचे आपापल्या घरून पडद्यावर. दुकानाचं नाव झाकून मी तो प्रश्न आणि ते उत्तर वाचून दाखवलं.

रंगवाला म्हणाला, "हे वेबसाइटचं काम नाही. हा माणसांच्या स्वभावाचा भाग झाला."

"येणाऱ्याला आधी माणूसच भेटतो," मी म्हटलं, "पाटी नंतर."

मग दादा बोलला. "मी इतकी वर्षं फुकट उत्तरं देतोय. एखाद्या वेळी चिडलो तर एवढं काय?"

"दमला असशील तर उत्तर देऊ नकोस. पण असं देऊ नकोस."

तेवढ्यात मदतीची पानं लिहिणाऱ्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "आणि त्यांनी वाचलं असतं तरी सापडलं नसतं. त्यावर आपलं पानच नाही."

दादाचा आवाज मला यंत्रातूनही येत होता आणि भिंतीपलीकडूनही. चारचौघांत नवऱ्याला असं बोलणं सोपं नव्हतं, पण मी हटले नाही. पहिल्याच पानावर प्रश्नाची जागा हवी, उत्तरं पाळीपाळीने द्यावीत, नव्या माणसाला कुणी तोडून बोललं तर त्याने तिथेच, सगळ्यांदेखत दुरुस्त करावं, असा माझा आराखडा. मतं घेतली. दादाने विरुद्ध दिलं. आराखडा मंजूर झाला.

बऱ्याच वेळाने तो स्वयंपाकघरात आला. "तू नाव झाकलं होतंस, मी जाऊन बघितलं," म्हणाला. "आपली धाकटी आहे ती."

"हो."

"तिला कळलं असेल, मी होतो ते?"

"तुला काय वाटतं?"

तो खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "मी ते खोडून टाकतो. माझ्या हातात आहे ते."

"खोडायचं नाही. जे म्हणायचंय ते त्याखाली लिही."

आठवडाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. काल त्याने लिहिलं, स्वतःच्या खऱ्या नावाने. मी वाचलंय, पण इथे उतरवत नाही. त्याची माफी मी पोचवणार नाही. ती घेऊन त्यानेच यावं, आणि दार उघडायचं की नाही ते तू ठरव. मी तुला लिहितेय हे त्याला माहीत आहे.

मला माझ्यासाठी एक मागायचंय. नवं पान कच्चं तयार झालं की ते खरोखर शिवणाऱ्या माणसासमोर ठेवून, बाजूला बसून बघायचंय. ते माणूस तू असावंस. मी एकटी येईन, मशीनशेजारी बसेन, मधे बोलणार नाही. जमणार नसेल तर तसं मला सांग, आईंना नको. तू नाही म्हणालीस तर दुसरी कुणी शोधेन, कारण हे काम आता मी अर्ध्यावर सोडणार नाही. पण काही अडलं की आधी तुला गाठायची सवय मला मोडायची नाहीये.

तुझ्या दादाची बायको आहेच. पण हे लिहिताना फक्त तुझी,

वहिनी