जिवंत दगड

६ नोव्हेंबर, रविवार

दगड जिवंत असतो म्हणजे नेमकं काय असतं? बारकीने आज विचारलं आणि मला सांगता आलं नाही. बसथांब्यावरून घरी येताना तिने एका दुकानाची पाटी वाचली: ‘समुद्री मासे, प्रवाळ, जिवंत दगड मिळतील.’ सामान माझ्या हातात देऊन ती तिथेच उभी राहिली. दगड खातो काय, झोपतो का, मेला तर कळतं कसं. बघून सांगते, म्हटलं. त्यावर म्हणाली, ताई पदवीधर झाली आणि दगडाला अडली.

आज आम्ही या घरात आलो. इतके दिवस मी नोकरदार मुलींच्या वसतिगृहात होते, आता स्वतःचं दार आहे. तळमजल्यावर दोन खोल्या आणि एक चिंचोळं स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी आहे. बारकीच्या मते ती एकटीने लपून खाता यावं म्हणून असणार. मालकीणबाई वरच्या मजल्यावर राहतात. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत आणि घरात वास सुटेल असं काही करायचं नाही, एवढं सांगून त्यांनी किल्ली दिली.

बारकी माझ्यापेक्षा हुशार आहे, पण हे मी तिला सांगत नाही. आत्याचं म्हणणं होतं, एक शिकली तेवढी पुरे, दुसरीला कशाला घराबाहेर काढता. आईलाही धीर होत नव्हता. शेवटी मी बाबांना शब्द दिला की प्रवेशपरीक्षेपर्यंत तिच्या केसालाही धक्का लागू देणार नाही. बाबांनी नुसती मान हलवली. मी शिकल्यापासून ते माझ्याशी वाद घालत नाहीत. घालावा, असं कधीकधी वाटतं.

आम्ही दोघींनी समुद्र पाहिलेला नाही. तो दगड आणायचा, असं मी मनात पक्कं केलं आहे.

१३ नोव्हेंबर, रविवार

काचेची टाकी आली. बारकीच्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. दोन बादल्या पाणी मावेल एवढीच, पण तळाशी पांढरी वाळू पसरल्यावर खोली उजळल्यासारखी झाली.

नळाचं पाणी यात चालत नाही. शुद्ध केलेलं पाणी आणून त्यात समुद्राचं मीठ विरघळवायचं, तरंगणाऱ्या काट्याने खारेपणा मोजायचा. पाणी उडून पातळी उतरली की वरून गोडं पाणी घालायचं, कारण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. हे काम माझ्या हाताला लगेच बसलं. नगरपालिकेच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत दिवसभर मी दुसरं काय करते? नळांचे, विहिरींचे नमुने तपासायचे आणि शंका आली तर अहवालाखाली ‘पाणी उकळून प्यावे’ असं लिहून सही करायची. त्या ओळीखाली सही करताना मला आई आठवते. आई शाळेत गेली नाही, पण शंका आली की उकळायचं, हे तिचं शास्त्र. दूध, बाटल्या, आजाऱ्याची पांघरुणं. एकदा तिने बाबांचा कंगवा उकळला. तो वाकडा झाला आणि बाबा अजून तोच वापरतात.

दगडही आणला. दुकानाचे मालक चष्मा कपाळावर चढवून बोलतात, म्हणून बारकीने त्यांना चष्मेवाले काका करून टाकलं. दगड म्हणजे समुद्रातल्या जुन्या प्रवाळाचा सच्छिद्र तुकडा. त्याच्या भोकांत सूक्ष्म जीव राहतात आणि पाणी स्वच्छ ठेवतात. आमच्या दगडाच्या एका बाजूला तपकिरी बटणांसारखे जीव दाटीने चिकटलेले आहेत. काका म्हणाले, या बटणांना उघड्या हाताने घासू नका, त्यांच्यात विष असतं. आणखीही काही सांगायला त्यांनी बोट वर केलं होतं. मी मध्येच म्हटलं की मी प्रयोगशाळेत काम करते, मला कल्पना आहे. ते हसले, मग तुम्हाला काय सांगायचं म्हणाले, आणि दगड ओल्या कागदात गुंडाळायला लागले.

मला कल्पना नव्हती. पण हातमोजे घालून मी दगड नीट ठेवला.

२७ नोव्हेंबर, रविवार

टाकी पिकते आहे. आधी पाण्यात अमोनिया वाढतो, मग तो खाणारे जिवाणू वाढतात, आणि तोवर मासा सोडायचा नाही. मी कामावरून आले की थेंब टाकून रंग बघते. आधी हिरवा आला, आता फिका होत चालला आहे. काचेवर तपकिरी बुरशीसारखा थर आला तेव्हा बारकी हिरमुसली, पण टाकीसोबत आणलेल्या पुस्तकात तो येणार असं लिहिलेलंच होतं. तो खायला शंखातल्या चार गोगलगायी आणल्या.

दगड खरंच जिवंत आहे. भोकांतून केसासारखे पंखे बाहेर येतात, सावली पडली की आत जातात. बटणं सकाळी दिवा लावला की उमलतात. बारकी आईला फोनवर सांगत होती की ताईने दगडाला फुलं आणली. आईने विचारलं, पाणी उकळून घातलंस ना.

आणखी एक गंमत. दगडातून मधूनच ‘टक्’ असा आवाज येतो, कुणी काचेवर नखाने टिचकी मारावी तसा. आत छोटी कोळंबी लपलेली असणार, ती नांगी वाजवते. बारकीला तो फार आवडला. उत्तर सुचेना की ती काचेवर पेन्सिल वाजवते आणि दगडाची वाट बघते.

११ डिसेंबर, रविवार

मासे आले. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन. एक जाडा, पुढे पुढे करणारा, दुसरा त्याच्या मागून. नावं ठेवायला बारकीला क्षणभरही वेळ लागला नाही: साहेब आणि शिपाई. साहेब दाणा आधी खातो, शिपाई उरलेला उचलतो. प्रयोगशाळेतही असंच आहे, मी म्हटलं, आणि आम्ही कितीतरी वेळ हसत बसलो.

मालकीणबाई बघायला खाली आल्या. मासे गोड आहेत म्हणाल्या. मग नाक वर करून, वास येतो पोरी, असं म्हणून गेल्या. मला येत नाही. थंडी पडली आहे, आता खिडक्या बंद ठेवीन म्हणजे वर जाणार नाही.

१८ डिसेंबर, रविवार

गोगलगायींचे शंख वाळूत पालथे पडलेले सापडले. चारही रिकामे, आतून धुतल्यासारखे स्वच्छ. पाणी तपासलं. ठीक आहे. सगळे आकडे ठीक आहेत.

दगडाची जागाही बदलली आहे. फार नाही, बोटभर. वाळू खचली असेल.

बारकीने एक गोष्ट मला मुद्दाम समोर बसवून दाखवली. तिने काचेवर पेन्सिल दोनदा वाजवली, दगडातून दोनदा आवाज आला. तीनदा वाजवली, तीनदा आला. मी म्हटलं, योगायोग. तिने पेन्सिल माझ्या हातात दिली. मी एकदाच वाजवली. काहीच आलं नाही. तिने पुन्हा घेऊन एकदा वाजवली आणि लगेच उत्तर आलं.

ती खूश होती. म्हणाली, ताई, याला तू आवडत नाहीस.

कोळंबीला कंप जाणवत असणार, बारकीचा हात हलका आहे, असं काहीतरी मी समजावलं. समजावताना माझा आवाज मलाच पटत नव्हता.

२२ डिसेंबर, गुरुवार

शिपाई नाही. झाकण बंद होतं, फरशीवर नाही, पंपात नाही. साहेब पाण्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, काचेला अंग चिकटवून राहिला आहे. खाली उतरत नाही. दाणा टाकला तरी नाही.

बारकी अभ्यास करत नाही. पुस्तक उघडं असतं आणि तोंड टाकीकडे. टेबल दुसऱ्या खोलीत हलवू म्हटलं तर चिडली. आईचा फोन मी घेतला. सगळं छान चाललंय, सांगितलं.

२६ डिसेंबर, सोमवार

पाहिलं.

सकाळी टाकीचा दिवा लावण्याआधी पडदा सारला, तेव्हा ते दगडाच्या मागून वाळूवर आलेलं होतं. अळीसारखं, पण माझ्या हाताएवढं लांब, अंगावर इंद्रधनुष्यासारखी चकाकी आणि दोन्ही कडांना पाय, नुसते पाय. निम्मं अजून दगडाच्या आत होतं. तोंडात साहेब होता. उजेड पडताच ते मागे ओढलं गेलं. साहेबही त्याच्याबरोबर भोकात गेला. भोक त्याच्यापेक्षा लहान होतं.

कामावर गेले नाही. पुस्तकात असे किडे सापडतात. दगडातून येतात, वर्षानुवर्षं लपून राहतात, तुटले तर तुकडा जगतो. म्हणजे यात अघोरी काही नाही. चिमट्याने ओढायला गेले. तुटलं. अर्धं हातात वळवळत राहिलं, अर्धं आत गेलं.

मी ते जाळून टाकायला गेले तेवढ्यात बारकीने टाकीत हात घातला. त्याला लागलं का बघत होते, म्हणाली. बोटाला चावलंय. टोकाशी मांस नाही एवढंसं.

२७ डिसेंबर, मंगळवार

तिला ताप. डॉक्टरांनी जखम धुतली, गोळ्या दिल्या, दोन-तीन दिवसांत उतरेल म्हणाले. मी नोकरी कुठे करते ते विचारून म्हणाले, मग काळजी नाही, तुम्हाला स्वच्छतेचं कळतं.

झोपेत ती पलंगाच्या दांडीवर बोट वाजवते. दोनदा. टाकीतून दोनदा.

कापसाचे बोळे कानात घातले. माझ्या नाही, तिच्या.

२८ डिसेंबर, बुधवार

दुकान बंद. काका लग्नाला गावी गेलेत, शेजारचा सांगत होता. दगडाचा फोटो पाठवला, हे मारायचं कसं, विचारलं. उत्तर नाही.

बाहेर फेकून देता आला असता. पण कुठे? गटारातून नाल्यात, नाल्यातून तळ्यात, आणि त्या तळ्याचं पाणी लोक पितात. त्या पाण्याच्या अहवालाखाली माझी सही असते. नाही.

बारकी आज विचारत होती, ते दुखावलंय, त्याला काही खायला देऊ का. मी तिच्यावर हात उगारला. आजवर कधीच— तिने मान खाली घातली आणि बोट पलंगावर वाजवायला लागली.

शंका आली की उकळायचं. बटणांत विष असलं तर तेही मरेल. उकळल्यावर काय उरतं?

२९ डिसेंबर, गुरुवार

दुपार. दगड काढला, हातमोजे घालून. आईने दिलेल्या मोठ्या पातेल्यात बसवला, पाणी ओतलं, झाकण ठेवलं, गॅस मोठा. वास सुटला, कुजलेला, खारट. मालकीणबाई ओरडतील म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. बारकी बाहेरच्या खोलीत झोपली आहे. ताप उतरलाय. सगळं आजच संपेल. उद्यापासून अभ्यास.

उकळी आली. आत धडपड चालू आहे. ऐकवत नाही. झाकण धरून उभी आहे.

थांबली.

नंतर—

तोंडात कडू. लोखंड चाटल्यासारखं. ओठ जड. वाफेने असेल—

बारकी खोकते आहे.

काकांचा निरोप आला. जसा आहे तसा लिहिते: बटणवाला दगड उकळू नका. ते विष उष्णतेने मरत नाही, वाफेतून छातीत जातं. उकळला असेल तर घर सोडा, दवाखाना गाठा. हे त्याच दिवशी सांगणार होतो.

सांगणार होते. बोट वर केलं होतं.

गॅस बंद केला. खिडकीचा खटका हलत नाही. बोटांत जोर नाही. काच फोडायला हात उचलवत नाही. बारकीला दाराबाहेर काढलं, जिन्यावर बसवलं, मालकीणबाईंना हाक मारायला लावली. त्यांनी रुग्णवाहिका बोलावली, आवाज ऐकला मी.

पण वाफ बाहेरच्या खोलीत शिरत होती. तिथून जिन्यात. म्हणून परत आत आले. टॉवेल ओला करून दाराखाली कोंबला. दाराला बाहेरून कडी नाही, नुसतं लोटलं तर बारकी आत येईल, म्हणून कडी आतून लावली. आता ती उघडणार नाही. कुणी सांगितलं तरी नाही.

डॉक्टरांसाठी लिहिते. बारकीने वाफ थोडी घेतली आहे, मी पुष्कळ. चावलं ते वेगळं, हे वेगळं. विष तपकिरी बटणांचं. काकांचा निरोप फोनवर आहे. तिला आधी बघा. तिची परीक्षा—

बाबांना सांगा, मला विचारायला हवं होतं. कल्पना आहे असं म्हणायला नको—

पाय गेले. जमिनीवर बसले आहे. पातेलं वर, ओट्यावर. पाणी शांत.

बारकी परत आली. रडत नाही. बाहेरून दारावर दोनदा बोट वाजवलं, टक् टक्, ताई आहेस ना असं. मी उत्तर दिलं नाही. दिलं तर ती दार सोडणार नाही.

उत्तर पातेल्यातून—